कोपऱ्यातला पास

२ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू हे न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतला. फोडलंच आहेस तर आता शेवटपर्यंत वाच.

फोन करत नाही, कारण फोनवर मी भांडते. दोन वर्षांपूर्वी तू शहर बदललंस, क्लब बदललास, आणि मला ते तुझ्याकडून नाही तर कोचकडून कळलं. त्या दिवशी मी फोनवर जे बोलले त्यातला एकही शब्द मागे घेत नाहीये. समेटासाठी हे पत्र नाही. मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय कोणाला विचारता येत नाही, एवढंच.

गेल्या रविवारी आम्ही हरलो आणि माझ्यामुळे हरलो. शेवटची मिनिटं, बरोबरी, चेंडू माझ्या पायात. समोरून दोघी अंगावर आल्या आणि मी नेहमीसारखा डाव्या कोपऱ्यात पास दिला. न बघता. तिथे कोणी नव्हतं. तू गेल्यापासून तिथे कोणी नसतंच. त्यांच्या मुलीने चेंडू आरामात पायात घेतला, पुढे आली आणि गोल केला. आमची वकिलीणबाई तुला आठवत असेल, गोलमध्ये उभी राहून पंचांशीसुद्धा कलमं लावून भांडते. ती त्या गोलनंतर काही बोलली नाही. ती गप्प बसते म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं समज.

असं या मोसमात पहिल्यांदा झालेलं नाही. अडचणीत सापडले की पाय आपोआप तिकडेच मारतो.

सामन्यानंतर कोचने मला बाजूला घेतलं. ती कशी आहे तुला माहीत आहे. दिवसभर जलतरण तलावाच्या काठावर उंच खुर्चीत बसून लोक बुडत नाहीत ना ते बघायचं, हे तिचं काम. उगाच तोंड उघडत नाही. म्हणाली, “कोर्टवर आपण पाच जणी असतो. तू अजून सहाव्या बाईला पास देतेस. मोसमाच्या शेवटच्या सामन्यापर्यंत ही खोड गेली तर राहा. नाही गेली तर पुढच्या वर्षी तुझी जागा बेकरीवालीला.”

बेकरीवाली तू गेल्यावर आली. पहाटे भट्टीवर असते, संध्याकाळी आमच्यात. डोळ्यांत झोप असते, पायांत मात्र नसते. मला ती आवडते, हीच पंचाईत आहे.

तर प्रश्न असा. आपल्या जुन्या घरातला तो काटकोनात वळणारा पॅसेज आठव. एका टोकाला मी, वळणापलीकडे स्वयंपाकघराच्या दाराशी तू, आणि मधे मोज्यांचा गोळा, कारण खऱ्या चेंडूचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा. भिंतीमुळे मला तू दिसायची नाहीस. मी गोळा भिंतीवर आपटून वळवायचे आणि तो तुझ्या पायात गेलेला असायचा. पुढे फुटसाल खेळायला लागलो तेव्हा लोक म्हणायचे, या दोघींना डोळ्यांची गरजच नाही. मला तरी कधी लागली नाही.

पण तुला कळायचं कसं? मी पास देणार हे तू कशावरून ओळखायचीस? खांदा वळायचा का माझा, की पाय? ते कळलं तर ही सवय नेमकी कुठून सुरू होते ते कळेल आणि मी ती मोडून काढीन. एक ओळ लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

धाकटी

ता. क. आईचा गुडघा बरा आहे. हे तिने लिहायला सांगितलं. बरा नाही.


१९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. नाही तर नाही. पण मला सांगायला कोणीतरी लागतं. आईला सांगितलं तर ती म्हणते, मग बघून मार की. जणू मला सुचलंच नव्हतं.

बघायचं म्हणजे मान वर करावी लागते आणि माझी मान वर होत नाही. याला माझं कामही कारणीभूत आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मान खाली. काचेच्या मध्यावर ठिपका द्यायचा, कडा घासायची, फ्रेम गरम करून काच दाबून बसवायची, बारीक स्क्रू पिळायचा. तेवढीच जागा दिसते आणि तेवढ्यातच मला बरं वाटतं. संध्याकाळी कोर्टवर गेलं तरी डोळे चेंडूलाच चिकटलेले असतात.

कोचने यावर एक छळ शोधून काढला आहे. मी सरावाच्या प्लास्टिकच्या शंकूंमधून चेंडू तळपायाने घोळवत न्यायचा, ती समोर उभी राहून बोटं दाखवणार, आणि किती बोटं ते मी ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी मी इतके अंदाज ठोकले की वकिलीण म्हणाली, “बाईंना सहा बोटं आहेत हे आजच कळलं.” मग दुकानातही सुरू केलं. काच हातात असताना दर थोड्या वेळाने मान वर करायची, डाव्या खांद्यावरून बघायचं, उजव्या खांद्यावरून बघायचं, कोण कुठे उभं आहे ते मनात म्हणायचं आणि पुन्हा काचेकडे. मालकांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दार लावून घेऊन विचारलं, “काही त्रास आहे का? कोणी मागावर आहे का?” मी म्हटलं, फुटसालसाठी आहे. “म्हणजे फुटबॉलच ना?” नाही म्हटलं, हॉलमध्ये, पाच-पाच जणी, चेंडू लहान आणि जड, फार उसळत नाही, आणि जागा इतकी कमी की चेंडू पायात आल्यावर बघू म्हणणाऱ्याचा चेंडू गेलेलाच असतो. आधी बघून ठेवावं लागतं. ते म्हणाले, बघ, पण काच फोडू नकोस.

दुसरा छळ तोंडाचा. कोच म्हणते, “तलावात मी ओरडणाऱ्यांकडे फार बघत नाही. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. जो एकदम गप्प झाला, त्याच्यासाठी उडी मारते. तू सामन्यात गप्प होतेस.” म्हणून नियम केला आहे. पास देण्याआधी जिला द्यायचा तिला हाक मारायची. हाक नाही तर पास नाही.

हे सोपं वाटलं होतं. काल सरावात दोघी अंगावर आल्या, मी घाबरले, आणि हाक मारून डाव्या कोपऱ्यात पास दिला. हाक मारली ती “ताई” अशी. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. चेंडू भिंतीला लागून परत आला. वकिलीण हळूच म्हणाली, “साक्षीदार गैरहजर,” आणि कोणी हसलं नाही.

मला फार लाज वाटली. आणि तुझा रागही आला, तो का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

धाकटी


८ मार्च

ताई,

तुला आधीपासून माहीत होतं का? आमचा शेवटचा सामना तुमच्या क्लबशी आहे. आज वेळापत्रक लागलं. म्हणजे माझी जागा राहणार की जाणार, हे तू समोर असताना ठरणार.

सरावानंतर सगळ्या मला घेरून बसल्या. त्यांना पत्रांचं कळलंय, आईमुळे. वकिलीण म्हणाली, “तू विरुद्ध पक्षाला आमची तयारी लेखी कळवते आहेस. असं कोणी करतं का?” बेकरीवाली म्हणाली, “निदान खोटं तरी लिहा. डावा पाय पार कामातून गेलाय असं कळवा.” सगळ्यांना ती कल्पना फारच आवडली. मलाही रस्ताभर आवडली.

घरी येऊन कागद पुढे घेतला आणि जमेना. तुझ्याशी मी भांडले आहे, तुला टाकून बोलले आहे, पण खेळाबद्दल खोटं कधी सांगितलेलं नाही. शिवाय सरळ हिशेब बघ. मी काय करणार हे तुला माहीत नसताना मी ते केलं, तर मी तुला फसवलं, एवढंच होईल. खोड तशीच राहील आणि पुढच्या कुठल्यातरी सामन्यात पुन्हा डोकं वर काढेल. तुला सगळं माहीत असताना जमलं, तरच जमलं म्हणायचं. म्हणून मी लिहिणार आणि खरं लिहिणार. त्याचा जो फायदा घ्यायचा तो खुशाल घे.

तर लिहून घे. कोचची बोटं आता बहुतेक वेळा बरोबर येतात. चेंडू उजव्या तळपायाखाली शांत राहतो, डाव्याखाली बिचकतो. रोज सकाळी आई चहा घेते तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात डाव्या पायाने चेंडू पुढे-मागे घोळवते आणि ती कप उचलून धरून बसते. हाका मारते. दम लागला की मात्र अजूनही तोंड मिटतं.

ही जागा मला हवी आहे, ताई. तुला हे सांगायला लाज कसली. तू गेलीस तेव्हा दुसरा क्लब, दुसरं शहर, दुसऱ्या मैत्रिणी, सगळं तुझ्यासाठी उभं होतं. माझ्याकडे आठवड्यातल्या या सरावाच्या दोन संध्याकाळी आहेत. त्या गेल्या तर आईचा गुडघा आणि लोकांचे चष्मे, एवढंच उरेल. बाकावर बसून टाळ्या वाजवायला मी जाणार नाही, तेवढा मोठेपणा माझ्यात नाही. म्हणून ही खोड मोडायचीच.

खूण कोणती होती ते अजूनही सांगितलेलं नाहीस.

धाकटी


२९ मार्च

ताई,

आता सांगू नकोस. मला कळलं.

बुधवारी कोचने जागा बदलल्या. बेकरीवालीला मधे घेतलं, माझ्या जागी. मला डाव्या कोपऱ्यात, तुझ्या. बेकरीवालीच्या कानात काहीतरी सांगितलं. मग खेळ सुरू झाला आणि ती अधूनमधून, कसलीही सूचना न देता, मान खाली ठेवून कोपऱ्यात चेंडू मारायला लागली. मी पळायचे आणि चेंडू रेषेबाहेर गेलेला असायचा. पुन्हा पळायचे, पुन्हा गेलेला. चेंडू निघालेला बघून मी निघत होते आणि तेवढ्या वेळात तो पोचलेला असायचा. एकदा आधीच जाऊन उभी राहिले, तर तिने पास दिलाच नाही आणि मधल्या मोकळ्या जागेतून समोरच्यांनी गोल केला. सराव संपेपर्यंत माझ्या पोटऱ्या दगड झाल्या होत्या.

मी चिडले. कोचला म्हटलं, “असं नसतं हो. आमचं वेगळं होतं. आम्हाला न बघता कळायचं.”

कोच शांतपणे म्हणाली, “तू बघत नव्हतीस. ती बघायची.”

“काय बघायची?”

“तुला. सारखं. तुझ्या अंगावर कोण येतंय, तू कधी घाबरणार, ते. तू घाबरायच्या आधी ती निघालेली असायची. तू पास दिला नाहीस तर तशीच पळत परत यायची, आपली जागा धरायला. बहुतेक वेळा रिकामीच परत यायची. मी काठावरून तुला नाही बघायचे, तिला बघायचे. असं पळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.”

मी म्हटलं, खोटं. अगदी कोचच्या तोंडावर. मग घरी आले आणि आईला विचारलं, लहानपणी पॅसेजमध्ये तर ताईलाही मी दिसायचे नाही ना? आईने गुडघ्यावरचा शेक बाजूला केला आणि हसायलाच लागली. म्हणाली, “अगं, ती दारातून पुढे येऊन वळणावर वाकून तुझ्याकडे बघायची. तू पाय मागे घेतलास की धावत परत दाराशी. कितीदा माझी बादली लाथाडली तिने. मला वाटलं तुला माहीत आहे. तुमचा खेळच तसा असेल असं वाटायचं मला.”

मला माहीत नव्हतं. माझा खेळ तसा नव्हता. मी भिंतीवर मारायचे आणि तू तिथे असायचीस, एवढाच माझा खेळ होता.

रात्रभर रडले वगैरे काही नाही. मला राग आला, आणि या वेळी का आला ते नीट सांगता येतंय. लोक आपल्याला म्हणायचे, काय जोडी आहे, डोळ्यांशिवाय खेळतात. तू शेजारी उभी राहून हसायचीस. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं? जायच्या आधीच्या त्या महिन्यात तू एकदा म्हणालीस, “मी दमले गं.” मी तुला गुडघ्याचं मलम आणून दिलं. तू ते हातात घेतलंस आणि “बरं” म्हणालीस. बरं काय? तेव्हाच ती ट्यूब माझ्या डोक्यात घालायची होतीस.

मी दोन वर्षं समजत होते की तू आपली जोडी मोडून गेलीस. जोडी कसली. पळणारी एकटी तूच होतीस.

कोचला सांगितलंय, सामन्यापर्यंत मला अर्धा वेळ कोपऱ्यातच ठेवा. तिने कारण विचारलं नाही. बेकरीवाली आता मुद्दाम चांगले पास देते आहे. मी तिला म्हटलं, दया नको, वाईटच दे. मला त्या पासचा दम किती लागतो ते पोटऱ्यांनी शिकायचंय.

धाकटी


७ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. आईचं तीनदा वाचून झालं, आता तिने ते उशीखाली ठेवलंय. चार ओळींचं पत्र कोणी उशीखाली ठेवतं का, पण तिला कोण सांगणार.

“सगळी पत्रं मिळाली. मलम तसंच आहे, उघडलेलं नाही. सामन्यात तुझ्या अंगावर मीच असणार, तसं मागून घेतलंय. डावा पाय अजून लंगडाच आहे का?”

वाचून मला इतका आनंद झाला की मी चिडून दुकानात गेले.

ऐक मग. डावा पाय लंगडा नाही. बिचकणंही कमी झालंय, चेंडू थांबवतो नीट, पण पास देताना अजून थोडा उशीर करतो. तू माझ्या उजवीकडून दाब देशील, कारण मी डावीकडे वळायला घाबरते हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. खुशाल दे. मी डावीकडे वळेन. आधी सांगून ठेवते आहे, नंतर फसवलं म्हणू नकोस.

मान वर राहते. चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून बघते, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की मालकही माझ्याबरोबर बघायला लागलेत. हाका मारते. राहिली ती एकच गोष्ट. कोपऱ्यात पोचायला किती वेळ लागतो ते मला आता कळतं, पण चेंडू पायात धरून तेवढा वेळ थांबायला जमत नाही. दोघी अंगावर आल्या की वाटतं, हा निखारा कोणाच्या तरी पायात टाकून मोकळं व्हावं. कोच म्हणते, “तू पास देत नव्हतीस, चेंडू टाळत होतीस.” ऐकायला फार कडू लागलं, पण तेच खरं आहे. आता दर सरावात दोघी-दोघी माझ्या अंगावर सोडते ती, आणि मी चेंडूवर पाय ठेवून उभी राहते. ढकलतात, कोपर मारतात, वकिलीण तर मजेत मारते. मी उभी राहते.

भीती वाटते. तुझी नाही, तुझ्यासमोर पुन्हा तेच होईल याची. तरी येणार आहे आणि जागा राखणार आहे.

धाकटी


२१ एप्रिल

ताई,

तू तिथे होतीस, तेव्हा तुला सामना सांगायचं खरं तर कारण नाही. पण तू तो माझ्या पाठीमागून पाहिलास. समोरून कसा होता ते सांगते.

हॉलमध्ये शिरले तेव्हा पहिली आई दिसली. दोन्ही बाजूंच्या बाकांच्या बरोबर मधे, पंचांच्या टेबलामागे खुर्ची टाकून बसली होती. तिला तिथून उठवायला आलेल्या माणसाला तिने गुडघा दाखवला. मग तू दिसलीस. केस कापलेस ते आईने मला सांगितलं नव्हतं. तू मान हलवलीस, मीही हलवली.

पहिला गोल आमच्या बेकरीवालीने केला, दुसरा तुमच्या उंच मुलीने. आणि मग मी ते केलं. इतके महिने घासून, तुला सगळं लिहून कळवून, दोघी अंगावर आल्या आणि मी मान खाली घालून डाव्या कोपऱ्यात पास दिला. मला सोडून तू आधीच तिथे जाऊन उभी होतीस. अर्थात. चेंडू अगदी अलगद तुझ्या पायात गेला आणि त्याच क्षणी आईने टाळ्या वाजवल्या. पूर्ण हॉलमध्ये ती एकटीच वाजवत होती. तू पुढे गेलीस आणि गोल केलास. दोन-एक. नंतर मी तिला विचारलं, टाळ्या कसल्या वाजवल्यास? म्हणाली, “तू दिलास आणि तिला मिळाला. हात आपोआप वाजले.”

कोचने मला बाहेर घेतलं. मला वाटलं, संपलं. बेकरीवाली माझ्या जागी मधे गेली आणि छान खेळत होती. मी बाकावर बसून माझ्या बुटांकडे बघत होते. बऱ्याच वेळाने कोच माझ्याकडे न बघता म्हणाली, “गप्प झाली होतीस.”

“हो.”

“आता कशी आहेस?”

“बोलतेय.”

“मग जा.”

शेवटची थोडी मिनिटं उरली होती. मी मधे, बेकरीवाली मागे डावीकडे. वकिलिणीने गोलमधून चेंडू माझ्याकडे फेकला. तो हवेत असतानाच मी उजव्या खांद्यावरून बघितलं, तू होतीस, सांगितल्याप्रमाणे उजवीकडूनच. डाव्या खांद्यावरून बघितलं, कोपरा रिकामा. बेकरीवाली पार मागे होती आणि तिने नुकतंच पहिलं पाऊल टाकलं होतं. चेंडू आला, मी त्यावर पाय ठेवला. तुझा हात माझ्या पाठीला लागला, तुझा श्वास कानाशी आला. दुसरी समोरून धावत येत होती. पाय म्हणत होता मार, आत्ताच्या आत्ता मार. मी ओरडले, “बेकरी, कोपरा.” आणि मारला नाही.

तू मागून म्हणालीस, “दे की आता.”

मी म्हटलं, “थांब ताई, तिला पोचू दे.”

दोन वर्षांत तुझ्याशी समोरासमोर बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. तू ऐकलंस हे मला माहीत आहे, कारण तुझा हात पाठीवरून किंचित सैल झाला. पण तू काही मला सोडलं नाहीस, तेही बरं केलंस. लगेच तुझा पाय माझ्या दोन्ही पायांमधून चेंडूवर आला, चेंडूला लागलाही. मी तो तळपायाने डावीकडे ओढला, वळले, बेकरीवालीची कोपऱ्याजवळची शेवटची दोन पावलं डोळ्यांनी बघितली आणि डाव्या पायाने दिला. उशीर नाही केला त्याने. तिने पहिल्याच फटक्यात मारला आणि दोन-दोन झाले. आईने पुन्हा टाळ्या वाजवल्या, या वेळी सगळ्यांबरोबर.

सामना तसाच सुटला. पुढचं तुला माहीत आहे. बाकावर शेजारी बसून आपण बुटांच्या नाड्या सोडत होतो. तू म्हणालीस, “बोललीस की तू.” मी म्हटलं, कोचने सांगितलंय, बोलत खेळ. तू म्हणालीस, “माझ्याबरोबर खेळताना कधी बोलायची नाहीस.” मी म्हटलं, “तू पोचायचीसच, मग बोलायचं कशाला?” तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि मग इतकी हसलीस की तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसले नाही. मला तेव्हा नुसतं रडायला येत होतं, म्हणून मी नाडीची गाठ सोडवत बसले. ती गाठ केव्हाच सुटली होती.

तुमची बस गेल्यानंतरचं मात्र तुला माहीत नाही. कोच शंकू गोळा करत होती. मीही जाऊन उचलायला लागले. म्हटलं, एकदा खोड गेली, एकदा राहिली. आता काय? ती म्हणाली, “एकदाच जायला हवी होती. ती शेवटी गेली. तुझी जागा आहे.” मी श्वास सोडला तेवढ्यात म्हणाली, “पण मधे बेकरीवाली. तू डाव्या कोपऱ्यात. कायमची.”

मधली जागा माझी आहे, ताई. शाळेपासूनची. मी भांडायला तोंड उघडलं आणि तिने नुसतं विचारलं, “तिथे पोचायला काय लागतं हे आमच्यात दुसऱ्या कोणाला माहीत आहे?” मी हातातले शंकू एकात एक घातले आणि हो म्हटलं.

तर आता तिथे मी आहे. बुधवारपासून पळते आहे. बेकरीवाली गुणी आहे, बघून देते. पण दमली की तीही मान खाली घालून मारते, आणि काल तसंच झालं. मी पोचले. चेंडू पुढे दिला, परत येताना तिच्याजवळून गेले आणि चार शब्द ऐकवले. ती ‘सॉरी’ म्हणाली आणि पुढच्या वेळी मान वर केली. इतकं साधं होतं ते. तू नुसतीच पोचत राहिलीस, मला एकदाही ऐकवलं नाहीस.

येत्या रविवारी आमचा सराव नाही. ये आणि ऐकव. पॅसेजपासून सुरुवात कर. मी मधे बोलणार नाही.

धाकटी